चाळिसाव्या पानावरची चिमणी

गोधडी शिवायची जाड सुई.

अविधवा नवमी, आणि त्या दिवशी आमच्या घरी झालेला रोजचाच भाजी-भाकरीचा स्वयंपाक.

पत्रा. नालीदार, कोरा, ऊन पडलं की तापणारा.

'मंजिरीनं दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जिना उतरून ती रस्त्याला लागली.'

पितळी घागर. तिच्या पोटावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव: सौ. चारुशीला दिगंबर वडनेरे.

उशीखाली तीन तास.

*

"ते परत वाच," सासूबाई म्हणाल्या.

"कोणतं?"

"कुलपाचं."

मी पहिलं वाक्य परत वाचलं. सासूबाईंनी गोधडीतून सुई वर काढली आणि दोरा ताणून धरला.

"कुलूप बाहेरून लावते ना ती?"

"हो."

"आणि किल्ली तिच्याकडेच?"

"तिच्याकडेच."

"कुणाला सांगून जाते?"

"कुणालाच नाही. एकटीच राहते ती, आई. गुप्तहेर आहे."

"मग संध्याकाळी जेवायला?"

"खानावळीत जाते."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हणजे हिला दुसरं कुणी वाढतं," त्या म्हणाल्या आणि सुई पुन्हा खाली घातली. "वाच पुढं."

ही गोष्ट संगमनेरची, मी तिथे चौदा महिने राहिले तेव्हाची. मंजिरी सबनीस ही पुस्तकातली बाई. महिन्याला तिची एक नवी कादंबरी निघायची. पातळ, पिवळट कागदाची, मुखपृष्ठावर पाठमोरी मंजिरी. कोणाचा तरी खून व्हायचा, पोलीस भलत्यालाच धरायचे आणि मंजिरी खरा माणूस शोधून काढायची. पण खून पुढच्या पानांवर. पहिल्या पानावर, पहिल्याच वाक्यात, ती आपल्या खोलीला कुलूप लावून बाहेर पडायची. सगळ्या पुस्तकांत हेच वाक्य. लेखकाला आळस असेल. आम्हा दोघींना मात्र ते दर वेळी नवं लागायचं.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणजे घरात सगळे तसं म्हणायचे. बँकेच्या कागदावर त्या अंगठा उठवायच्या, लग्नपत्रिका आली की "कुणाची गं?" म्हणून माझ्या हातात द्यायच्या. म्हणून दुपारी दोन ते तीन मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी गोधडी शिवत ऐकायचं, हा रिवाज.

आणि खुनी त्यांना हमखास आधी कळायचा.

"दिवाणजी," त्या निम्म्या पुस्तकातच म्हणायच्या.

"कशावरून?"

"जेवून निघालो म्हणतो ना? मग त्याचं ताट घासायला पडलेलं का नाही? मोलकरीण काय म्हणाली, चारच ताटं घासली. माणसं पाच. वाच तू, दिवाणजीच निघणार."

दिवाणजीच निघायचा. मी थक्क व्हायचे. मंजिरीला सव्वाशे पानं लागायची ते या बाईला एक ताट पुरायचं.

*

घर असं होतं. खाली दुकान, वर आम्ही. दुकानात तांब्या-पितळेची भांडी, मागच्या पडवीत कारागिरांची ठोकाठोक. वरून खाली यायला एकच जिना, आणि तो दुकानात उतरायचा. जिन्याच्या तळाशी दार होतं, त्याची कडी दुकानाच्या बाजूला. दुपारी तीनला मी चहाचा ट्रे घेऊन खाली जायचं, दारावर दोनदा टकटक करायची. सासरे, म्हणजे अप्पा, कडी काढायचे, ट्रे घ्यायचे, कडी लावायचे. एवढ्यात मला रस्ता दिसायचा. समोरच्या दुकानाची पायरी आणि तिच्यावर बसलेलं कुत्रं. कधी कुत्रं नसायचं.

लग्नात तांदळाच्या ताटात दिगंबरनं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मी विमल. ताटात उमटलं चारुशीला. ते त्याच्या पहिल्या बायकोचं नाव. माझ्या मागं बसलेली चुलतसासू समजूतदारपणे म्हणाली, "बरं झालं. नाव बदलायचंच होतं, तर भांड्यांवर आहे तेच ठेवलं. खोडाखोड नको."

खरंच घरातल्या प्रत्येक भांड्यावर ते नाव होतं. घागर, तपेलं, ताट, अगदी मिसळणाच्या डब्याचं झाकणसुद्धा. भांड्यांच्या दुकानातली सून, तिला भांड्यांचा काय तोटा. मी भांडी घासताना बोटाला ठिपके लागायचे. च, र, श. सासूबाई मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "सूनबाई" म्हणायच्या, नाही तर नुसतं "अगं".

पहिली कशी गेली, हे मी एकदाच विचारलं. दिगंबर म्हणाला, "गच्चीवरून पाय घसरला." गच्चीच्या दाराला तीन खिळे मारलेले होते.

त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळ्यांनी मला तेच विचारलं. तो मारत नव्हता, बंद करत होता. आधी माहेरी, कोपरगावला जाणं बंद. मग वडिलांची पत्रं. भावाच्या लग्नाला त्यानं परस्पर आहेर पाठवला आणि "तिला बरं नाही" असं कळवलं. राहिली होती रस्त्याकडची गॅलरी आणि शनिवारची पुस्तकं.

*

स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं, पेन्सिलीनं लिहिलेली यादी होती. सुरेख, बारीक अक्षर. पुस्तकांची नावं, सगळी मंजिरीची, आणि प्रत्येकापुढे एक चिमणीचं पाऊल. तीन रेघा पुढं, एक मागं.

त्याचा अर्थ मला लगेच कळला. घरपोच वाचनालयाचं पुस्तक दहा घरांत फिरतं. आपण हे वाचलंय की नाही, ते मुखपृष्ठावरून आठवत नाही. म्हणून बायका आपापलं एक पान ठरवून त्यावर खूण करतात. कुणी सतराव्या पानावर गोल, कुणी पन्नासाव्यावर फुली. पुस्तक हातात आलं की आधी ते पान उघडायचं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पुस्तकांत चाळिसाव्या पानाच्या तळाशी चिमणीचं पाऊल असायचं. ते चारुशीलेचं.

पुस्तकं बकुळाबाई आणायच्या. शनिवारी अकराला खांद्याला दोन पिशव्या लावून त्या दुकानात यायच्या, जुनं न्यायच्या, नवं ठेवायच्या. अप्पा ते वर सासूबाईंकडे पाठवायचे. सासूबाई ते उशीखाली सारायच्या. "कामं आवरल्याशिवाय पुस्तक नाही." दोन वाजता पुस्तक उशीखालून माझ्या हातात यायचं.

भाद्रपदातल्या एका शनिवारी मंजिरीचं नवं पुस्तक आलं. इतकं नवं की पानं एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास. आतला महिना वाचला, तोच चालू महिना. वाचता वाचता मी चाळिसावं पान उलटलं.

चिमणीचं पाऊल.

"काय झालं? थांबलीस का?"

"ठसका लागला," मी म्हणाले.

त्या रात्री आणि पुढचे तीन दिवस मी मंजिरीसारखा विचार केला. एक: घरात चारुशीलेचा फोटो नाही. दोन: गेल्याच आठवड्यात अविधवा नवमी झाली. नवऱ्याच्या आधी सवाष्ण म्हणून गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, चुकवत नाहीत. आमच्या घरी मेथी आणि भाकरी झाली. तीन: या महिन्यात छापलेल्या पुस्तकात तिची खूण.

चारुशीला मेलेली नव्हती. ती पळाली होती. याच गावात होती, याच वाचनालयाचं पुस्तक वाचत होती, आणि लोकांत नाचक्की नको म्हणून या घरानं ती मेल्याचं सांगून टाकलं होतं. माझा तर्क मला इतका पक्का वाटला की मला हसू आलं. जिच्या नावात मला कोंबलं होतं, ती स्वतः त्या नावातून कधीच बाहेर पडली होती.

शुक्रवारी, पुस्तक परत जायच्या आदल्या दिवशी, मी त्या पावलाखाली पेन्सिलीनं लिहिलं: 'तुम्ही कशा बाहेर पडलात? मलाही यायचंय.'

*

त्याच आठवड्यात पत्रा आला.

दिगंबर आणि एक सुतार गॅलरीत उभे होते. मी दारात.

"हे कशाला?"

"ऊन येतं."

"गॅलरी उत्तरेला आहे."

त्यानं सुताराकडे पाहिलं. सुतार खिळे मोजू लागला. "सोमवारी तू इथं पाऊण तास उभी होतीस," दिगंबर शांतपणे म्हणाला. "समोरच्या रमणलालनं सांगितलं. लोकांना दाखवायला काही वस्तू दुकानात मांडतो आपण. घरातल्या नाही."

"मी रस्ता बघत होते."

"रस्त्यात काय आहे?"

सासूबाई आत वाती वळत बसल्या होत्या. दिगंबर त्यांच्याकडे वळला. "आणि आई, पुढच्या महिन्यापासून पुस्तकंही बंद. तुझं ऐकणं होतं आणि हिचं डोकं फिरतं. पहिलीचंही असंच झालं होतं."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाल्या.

तेवढंच. त्या एका "बरं"साठी मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला. दिवसा दोनला खोलीत दिवा लावावा लागू लागला.

*

शनिवार. पुस्तक जुनंच होतं, पूर्वी वाचलेलं. मी भराभर चाळिसाव्या पानाशी आले. पेन्सिलीचं काही नाही. माझा आवाज पडला. मग पानावरून बोट फिरलं आणि बोटाला ठिपके लागले.

पान दिव्यासमोर धरलं की दिसत होतं. सुईनं टोचून काढलेली अक्षरं, भांड्यांवर घालतात तशी, ठिपक्याठिपक्यांनी.

विमल. धीर धर.

हे नाव या घरात कुणी उच्चारत नव्हतं. चारुशीलेला ते कुठून कळलं? बकुळाबाईंकडून, मी ठरवलं. बकुळाबाई मध्यस्थ. आणि सुईनं का? पुरुष पुस्तक चाळतील तर दिसू नये म्हणून. किती हुशार बाई! मंजिरीला सुचलं नसतं.

"खुनी कोण गं यात?" सासूबाईंनी विचारलं.

"आपण वाचलंय हे, आई. डॉक्टर."

"हां. डॉक्टर." सुई आत, सुई बाहेर. "विसरले बघ मी."

पुढच्या शनिवारी ठिपके जास्त होते. महिना संपायला चार दिवस उरले होते.

मंगळवार. चहा घेऊन खाली जा. आवाज झाला की निघ. मागं बघू नको.

मंगळवारी दिगंबर माल आणायला नाशिकला जायचा.

*

मंगळवारी सासूबाई म्हणाल्या, "आज वाचन नको. दिवाळी आली, मला माळ्यावरची भांडी बघायची आहेत. तू चहा कर आणि खाली दे."

मी चहा केला. दोन कप, एक अप्पांचा आणि एक मुख्य कारागिराचा. अंगावर घरातलं पातळ. पायात काही नाही, कारण चपला दिगंबरच्या कपाटात.

जिना उतरले. दोनदा टकटक. कडी निघाली. अप्पांनी हात पुढे केले.

आणि वर जग कोसळलं.

पितळेचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. पंचवीस-तीस घागरी, हंडे, तपेली एकाच वेळी माळ्यावरून खाली. घर थरथरलं. शेवटचं एक झाकण गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं. त्यात सासूबाईंची किंकाळी: "अगं आई गं! मेले! धावा!"

अप्पा मला ढकलून जिना चढले. सत्तरीचा माणूस, दोन दोन पायऱ्या. पडवीतली ठोकाठोक थांबली, कारागीर आतून धावत आले आणि तेही वर गेले. कुणीतरी माझ्या हातातल्या ट्रेला धक्का दिला. चहा माझ्या पायांवर सांडला.

दार उघडं होतं.

"मेले गं! पाय! पाय गेला माझा!"

मी वळले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती बाई खरंच ओरडत होती. नाटकातलं ओरडणं आणि हाड मोडल्यावरचं ओरडणं यांतला फरक कुणालाही कळतो. चारुशीलेनं हे कसं घडवून आणलं, घागरी कुणाकडून ढकलायला लावल्या, हे मला सुचेना. एवढंच सुचत होतं की तिनं लिहिलंय, मागं बघू नको.

मी ट्रे गल्ल्यावर ठेवला. नीट, कडेला न ठेवता. मग दुकान ओलांडलं. समोरच्या पायरीवर कुत्रं होतं. उन्हानं डोळे मिटले, तसेच मिटून चालत राहिले. तांबट आळीत दोन्ही बाजूंना माणसं माना खाली घालून भांडी ठोकत होती. आवाज आमच्या घरात झाला, हे त्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसेल.

*

बकुळाबाईंचं वाचनालय म्हणजे चौकातल्या एका घराची पुढची खोली; पत्ता प्रत्येक पुस्तकावरच्या शिक्क्यात होता. त्या पुस्तकांना खळीनं कव्हरं चिकटवत होत्या. माझे पाय बघून उठल्या.

"चारुशीला कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, तूच ना चारुशीला? वडनेऱ्यांची?"

"पहिली."

त्यांनी खळीचा हात पदराला पुसला. "बस आधी."

"मला तिनं बोलावलंय. तुमच्या पुस्तकातून. सांगा ना, कुठे राहते?"

"बाळ, तिला जाऊन चार वर्षं झाली. गच्चीवरून पडली. मी स्मशानाच्या फाटकापर्यंत गेले होते."

"त्यांनी तिची अविधवा नवमी केली नाही."

"कोण करणार? पोलीस येऊन चहा पिऊन गेले, त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव काढायचं नाही. नवमी घातली की सवाष्ण विचारणार, कुणाच्या नावानं?"

मी परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात हात घातला. ते भाद्रपदातलं पुस्तक सापडलं. चाळिसावं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. "मग हे कुणी काढलं? पुस्तक तर आत्ता निघालंय."

त्यांनी चष्मा लावला. पाऊल पाहिलं, खालचं माझं पेन्सिलीचं वाक्य वाचलं.

"हे पार्सल मी शुक्रवारी सोडवलं," त्या म्हणाल्या. "शनिवारी पिशवीत घातलं. मंजिरीचं नवं पुस्तक पहिलं तुझ्या घरी. तशी अटच आहे तुझ्या सासूबाईंची. आधी कुणी वाचलेलं त्यांना चालत नाही."

"त्यांना वाचता येत नाही."

"कोण म्हणतं?" बकुळाबाईंनी चष्मा काढला. "चारूनं शिकवलं की त्यांना. तेव्हा ती स्वतः खाली यायची पुस्तक घ्यायला. घागरीवरची अक्षरं गिरवून घेते म्हणायची, पाटी आणली तर घरात कळेल. एकदा तर हसत हसत मला म्हणाली, काकू, आई आता इतक्या चावट झाल्यात, पुस्तक आलं की शेवटचं पान आधी वाचून ठेवतात."

शेवटचं पान. दिवाणजी. डॉक्टर. उशीखाली तीन तास. सुई.

पायांवर चहा वाळून चिकट झाला होता. मंजिरीनं हे कितव्या पानावर ओळखलं असतं, असा काहीतरी वेडा विचार मनात आला.

"मला परत जायला हवं," मी म्हणाले. "त्यांचा पाय."

बकुळाबाई उठल्या आणि त्यांनी आपल्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. "चारची कोपरगाव गाडी आहे," त्या म्हणाल्या. "त्या पायाची किंमत ठेव."

*

दिगंबर दोनदा कोपरगावला आला. दुसऱ्या वेळी वडिलांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढं कोर्टानं मला मोकळं केलं, आणि मी कागदोपत्री पुन्हा विमल झाले. त्या घरी मी कधी गेले नाही. सासूबाईंना मी पत्र लिहिलं नाही, कारण ते कुणाच्या हातात पडेल, हे मला ठाऊक होतं. त्या पुढं आयुष्यभर काठी घेऊन चालल्या, एवढं बकुळाबाईंनी कळवलं. आणि पुस्तकं बंद झाली नाहीत. मोडक्या पायाच्या म्हातारीनं अंथरुणावर पडून काय करायचं, असा मुद्दा सासूबाईंनी मांडला म्हणे. चित्रं बघते, म्हणाल्या.

बकुळाबाई गेल्यावर त्यांच्या मुलीनं वाचनालय काढून टाकलं. मंजिरीची सगळी पुस्तकं मी मागून घेतली. मी गेल्यानंतरची एकोणीस आहेत. प्रत्येकात चाळिसाव्या पानाच्या तळाशी सुईनं टोचलेल्या दोन खुणा. एक चिमणीचं पाऊल, आणि शेजारी ठिपक्यांचा एक वि.

स्वतःची खूण सासूबाईंनी कुठल्याच पुस्तकात केलेली नाही. मी एकेक पान दिव्यासमोर धरून पाहिलं.

कोपरगावला मला बघायला आले होते, तेव्हा दिगंबर आणि अप्पा पोहे खात होते आणि सासूबाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता: मोठ्यानं वाचता येतं का?